उंबऱ्याबाहेरची हद्द

दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिनं मोबाईल टीव्हीला जोडून एक व्हिडिओ लावला. दोन हेडसेटची तुलना होती. डोळ्यांवर बांधून खेळाच्या आत शिरायचे ते हेडसेट, एक बिनवायरचा, एक वायरचा. मुलगा, सून, बायको सगळे समोर बसले. मी खुर्चीतून उठलो, मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. हात धुवायचे नव्हते. पाच वर्षांपूर्वी आम्हीही अशीच तुलना केली होती. त्यानंतर जे घडलं त्याबद्दल घरातल्या एकाही माणसाला मी खरं सांगितलं नव्हतं.

आमचं गाव शनिशिंगणापूर. आमच्या घराला चौकट आहे, उंबरा आहे, पण दार नाही. गावात जुन्या घरांची रीतच ती. दिवसा पडदा, रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून एक आडवी फळी. बाहेरून आलेले भाविक पडद्याचे फोटो काढतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. या गावात चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, असं लहानपणापासून ऐकत आलो. मी सरकारी नोकरी केलेला माणूस, असल्या गोष्टी हसून सोडून द्यायचो.

नोकरी मोजणी खात्यातली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी कायम करून दिल्या. आपल्याकडे जमीन चोरायची एक पद्धत आहे, बांध कोरणे. नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाला दर वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त मारायचा. एका वर्षात कुणाच्या लक्षात येत नाही. दहा वर्षांनी मोजणी आली की बांध वीतभर उरलेला असतो आणि कोरणारा शपथेवर सांगतो, मी हात लावला नाही. असे कितीतरी मी उघडे पाडले. नकाशा पसरायचा, खुणा दाखवायच्या, आणि समोरच्याची मान खाली गेली की मला बरं वाटायचं. हे आधीच सांगून ठेवतो.

तर पाच वर्षांपूर्वी. नात अकरा वर्षांची होती. वार्षिक परीक्षेचे पेपर चांगले गेले तर हेडसेट घेऊ, असं तिच्या बापानं कबूल केलं होतं. मुलगा नगरच्या एमआयडीसीत नोकरीला. सून शेजारच्या गावी शाळेत शिकवते, घरातलं कॉम्प्युटरचं सगळं काम तिच्याकडे. नगरला एका दुकानात दोन प्रकारचे हेडसेट डोक्याला लावून बघायला मिळतात असं कळलं, म्हणून आम्ही पाचहीजण एका रविवारी गेलो.

पहिला हेडसेट बिनवायरचा. त्याला पुढच्या बाजूनं चार कॅमेरे. दुकानातल्या मुलीनं समजावलं की हा स्वतःच खोली बघतो. खेळायच्या आधी हातातला कंट्रोलर जमिनीकडे धरून आपण आपली हद्द आखायची. खेळताना हद्दीजवळ गेलं की समोर निळ्या रेघांची जाळी उभी राहते आणि आपण थांबतो. "हद्द" हा शब्द तिनंच वापरला. मी कान टवकारले.

दुसरा वायरचा. तो टीव्हीजवळच्या मोठ्या खेळाच्या डब्याला जोडायचा. टीव्हीवर एक कॅमेरा बसवायचा, त्याच्यासमोरच खेळायचं. चित्र जास्त चांगलं, पण वायर दोन-तीन मीटर, आणि फिरलं की पायात येणार.

बायकोनं एकदाच डोक्याला लावून काढला. "आंधळी कोशिंबीर हाय ही," ती म्हणाली, "पैसं देऊन."

सुनेचं मत पहिल्यापासून ठरलेलं होतं. ती म्हणाली, "वायरचा घेऊ. आपल्या घराला दार नाही. दाव्याला बांधलेलं वासरू लांब जात नाही. वायर ताणली की पोरीला कळेल."

"पोरगी वासरू आहे का?" मी म्हणालो. सगळे हसले. दुकानातली मुलगीही हसली. सून हसली नाही. ती पुन्हा म्हणाली, "तात्या, खेळताना तिला उंबरा दिसणार नाही."

मी दोन्ही हेडसेट लावून बघितले होते. वायरच्यात मला मानेमागून कुणी धरल्यासारखं झालं. बिनवायरच्यात तो हद्द आखायचा भाग आला, कंट्रोलर फिरवला की जमिनीवर रेघ उमटत जायची, आणि दोन टोकं जुळली की आतली जागा उजळायची. मला माझी नोकरी आठवली. हे मी तेव्हा बोललो नाही. मी म्हणालो, "हद्द नीट आखली की झालं. त्यासाठीच तर सोय दिलीय." मुलगा म्हणाला, "मापाचं तात्यांना जास्त कळतं." घेतला बिनवायरचा.

घरी आल्यावर सुनेनं नियम केला. हद्द तिनं आखायची, दुसऱ्या कुणी नाही. पहिल्या दिवशी तिनं मला टेप धरायला लावली. उंबऱ्याच्या आत दोन हात सोडून तिनं रेघ काढली. भिंतीपासून एक हात, टीव्हीपासून दीड हात. चौकोन लहान झाला. नात कुरकुरली, "आई, एवढ्याशा जागेत पक्षीच पकडता येत नाहीत." तिच्या आवडत्या खेळात रानात पक्षी उडायचे आणि ते हातानं धरायचे असत. सून म्हणाली, "जे हातात येतील ते धर."

ती हद्द बरोबर होती. मी स्वतः टेप धरली होती.

दुपारी घरात मी आणि बायकोच असायचो. मुलगा कंपनीत, सून शाळेत, सुट्टी सुरू व्हायला अजून आठवडा होता म्हणून नातही शाळेत. बायको जेवल्यावर मागच्या खोलीत दोन तास झोपायची. मी आधी घरभर सांगितलं होतं की हे पोरांचं खूळ आहे. पण हेडसेटमध्ये क्रिकेटचा एक खेळ होता. तरुणपणी कार्यालयाच्या संघात मी खेळायचो. एका दुपारी सहज लावून बघितला. गोलंदाज धावत आला, चेंडू पडला, आणि गुडघेदुखीचा माणूस मी, बॅट फिरवली. प्रेक्षक ओरडले. दुसऱ्या दुपारी पुन्हा. कुणाला सांगितलं नाही, कारण आधी बोललेले शब्द गिळावे लागले असते.

अडचण एकच होती. फिरकीच्या चेंडूला पुढे येऊन मारायला गेलं की निळी जाळी उभी राहायची आणि खेळ थांबायचा. मला दोन पावलं हवी होती, जागा एका पावलाची होती.

म्हणून मी हद्द सरकवली. पहिल्या दुपारी फक्त उंबऱ्यापर्यंत. मनात म्हटलं, उंबरा तर घराच्या आतच. तिसऱ्या दुपारी उंबरा ओलांडून अर्ध्या ओट्यावर. पडदा बाजूला बांधला होता, ऊन अजून ओट्यावर आलं नव्हतं, हेडसेटनं काहीच हरकत घेतली नाही. त्याला दार दिसलंच नाही, कारण दार नव्हतंच. त्याच्या लेखी खोली आणि ओटा एकच जागा. पाचव्या दुपारी मी रेघ ओट्याच्या कडेपर्यंत नेली, आणि हात थोडा जास्त फिरला तेव्हा कडेच्या पलीकडेही. ओट्याखाली काय आहे ते हेडसेटला कळत नव्हतं. त्यानं पलीकडची जागाही जमीन म्हणून उजळून दाखवली. मी बघितलं. मला वाटलं, आपल्याला ठाऊक आहे ना कड कुठे आहे. शेवटी पुन्हा आत आखून ठेवू.

रोज एक तास जास्त. ज्यांच्या माना मी खाली घालायला लावल्या, त्यांनी केलेलंच मी माझ्या घरात करत होतो, आणि ते करताना मला एकदाही तसं वाटलं नाही.

आधीच्या दिवशी सरकवलेली हद्द मी तशीच राहू दिली होती. त्या पाचव्या दिवशी खेळून झाल्यावर मी ती परत आत आखायला घेणार तोच बायको उठली. तिच्या पायांचा आवाज आला. मी हेडसेट काढून खोक्यात ठेवला. उद्या आखू म्हटलं.

तो नातीच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. चार वाजता ती आली, दप्तर टाकलं आणि हेडसेट लावला. सून अजून शाळेतच होती. मी देवळाच्या बाजूला चहाला गेलो होतो. म्हणजे मी घरात असतो तर लगेच सांगितलं असतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला आठवलंच नव्हतं.

परत येताना लांबूनच ओट्याशी गर्दी दिसली. आमचा ओटा जमिनीपासून साडेतीन फूट उंच, खाली शहाबादी फरशी आणि कपडे धुवायचा दगड. नात फरशीवर बसली होती. हेडसेट अजून तिच्या कपाळावर वर सरकलेला. उजवा हात कोपरापाशी उलट्याच दिशेला वळलेला. ती रडत नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. ती म्हणाली, "तात्या, पक्षी होता."

नगरला दवाखान्यात नेलं. कोपर दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत तारा घातल्या. डॉक्टर म्हणाले की वाढीच्या जागेला मार लागलाय, हात कितपत सरळ होईल ते आत्ता सांगता येणार नाही.

बायकोला नातीपाशी ठेवून आम्ही तिघं त्याच रात्री घरी आलो आणि मुलानं हेडसेट लावला. तो खोलीत उभा राहिला, वळला आणि हळूहळू उंबऱ्याकडे गेला. मी भिंतीला टेकून बघत होतो. उंबऱ्यावर तो थांबला, हात पुढे केला. जाळी उभी राहायची वाट बघत होता. ती राहिली नाही. त्यानं हेडसेट काढला आणि सुनेकडे बघितलं.

"ओट्याच्या बाहेर आखलंस तू?"

"मी आत आखलं होतं. दोन हात आत. तात्यांनी टेप धरली होती."

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "टेप धरली होती. रेघ तर तिनंच काढली. त्या हेडसेटच्या आत काय उमटलं ते बाहेरून मला कसं दिसणार?"

यात एकही शब्द खोटा नव्हता. मोजणीच्या जबाबात असं बोलणारी माणसं मी ओळखत होतो.

"मग मला सांग," मुलगा तिला म्हणाला, "तुझ्याशिवाय या घरात कुणाला आखता येतं?"

ती आठवायचा प्रयत्न करत होती. मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला स्वतःचीच खात्री वाटेनाशी झाली आहे.

पुढचे दिवस मी भीतीत काढले. नातीच्या हाताची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर दुसरी भीती त्याहून मोठी होती. या यंत्रात नोंदी राहतात, कोण कधी खेळलं, हद्द कधी बदलली, सगळं कुठेतरी लिहिलेलं असतं, असं नातीनंच कधीतरी सांगितलं होतं. मुलाच्या ऑफिसातला कुणी ते उघडून बघेल, दुपारची वेळ निघेल. दुपारी सून शाळेत असते, हे कळायला मोजणीवाला लागत नाही.

चौथ्या दिवशी सगळे दवाखान्यात होते. मी घर राखायला मागे राहिलो. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो की हेडसेट कोरा कसा करायचा. मोबाईलवरून ते मला जमेना म्हणून तो डोक्याला लावून, आतल्या यादीत शोधत गेलो. भर दुपार, खोलीच्या मधोमध मी उभा, डोळे बांधलेले, घराला दार नाही. आत राखाडी पोकळी आणि इंग्रजीत एक प्रश्न, सगळं पुसायचं का? कंट्रोलरची खूण बटनावर ठरेना.

तेवढ्यात ओट्यावर पाऊल वाजलं.

मी हललो नाही. कोण आहे ते मला दिसत नव्हतं, आणि मी त्याला पूर्ण दिसत होतो. पाऊल उंबऱ्याशी आलं. पडदा सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी श्वास घेत उभं होतं. मला वाटलं मुलगा परत आला. मग वाटलं, सून. मला घाम फुटला, हेडसेटच्या कडेनं तो गालावर उतरला.

"बाबा, पाणी मिळंल का?" अनोळखी बाईचा आवाज. लांबून दर्शनाला आलेली कुणी भाविक.

मला तोंड उघडता येईना. ती पुन्हा म्हणाली, "बाबा?" मग तिच्यासोबतच्या पुरुषाचा आवाज आला, "चल, त्यांच्या डोळ्याला कायतरी झालंय." पावलं उतरून गेली.

मी बटन दाबलं. सगळं पुसलं गेलं. तहानलेल्या माणसाला पाणी न देता परत पाठवलं, ते या घरात पहिल्यांदा.

आता लिहिताना मला कळतं की हद्द सरकवणं ही चूक होती, आणि हे पुसणं ही नुसती चूक नव्हती. सुनेला निर्दोष ठरवणारा एकच पुरावा होता आणि तो मी जाणूनबुजून नष्ट केला. मुलानं नंतर बघितलं तेव्हा हेडसेट कोरा होता. त्याला वाटलं पडल्यामुळे बिघडला. मी म्हणालो, असेल.

सुनेला कुणी मारलं नाही की घराबाहेर काढलं नाही. तिच्यावरचा विश्वास तेवढा काढून घेतला. बायको पाहुण्यांना सांगायची, "तिच्या आयनंच रेघ चुकीवली, काय करायचं." मुलगा दोन महिने तिच्याशी कामापुरतं बोलायचा. शाळेत तिच्या सोबतच्या शिक्षिकांना कळलं, माहेरी शेवगावला कळलं.

आणि एक दिवस तिचे वडील आले. शेवगावच्या बाजारात ते मापाडी होते, आयुष्यभर धान्याची पोती काट्यावर तोलली. काट्याला कधी बोट लावलं नाही असं त्यांच्याबद्दल सगळे म्हणत. ते आमच्या ओट्यावर बसले, टोपी काढली आणि माझ्यापुढे हात जोडले. "पोरीच्या हातून चूक झाली. तुमी जाणते हायेत, पदरात घ्या."

मी त्यांचे हात धरले नाहीत. मी म्हणालो, "होतं असं. पोरांच्या हातून चुका होतात." मग त्यांना चहा दिला.

नातीचा हात पूर्ण सरळ झाला नाही. शाळेत प्रार्थनेला सावधान उभी राहिली की तो हात जरासा पुढे राहायचा. दोन वर्षांनी माझ्या डोळ्यांना कडेचं कमी दिसायला लागलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं ठीक दिसतं, पण दोन्ही बाजूंनी अंधार आत सरकत येतो, आणि गेलेलं परत येत नाही. मला ठाऊक आहे की हा आजार आहे, माझ्या आईलाही होता. तरीही सकाळी उठल्यावर मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो, काल त्याची कुठली कड दिसत होती आणि आज कुठली दिसते. या गावात राहून मला ती जुनी गोष्ट आता हसून सोडता येत नाही. चोरी वस्तूचीच असते असं ती गोष्ट कुठे म्हणते?

तर त्या दिवाळीत, मी मोरीतून परत आलो तेव्हा व्हिडिओ चालूच होता. नात आता सोळा वर्षांची, नगरला वसतिगृहात राहून अकरावी करते. ती आईला सांगत होती, "यात आता आखायचं कामच नाही. नवा आहे ना, तो स्वतःच भिंती ओळखतो, हद्द स्वतःच ठरवतो. खेळता खेळता खोलीसुद्धा दिसते."

सून भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "आणि जिथं दारच नाही, तिथं?"

"तिथं मोकळी जागा दाखवेल. मग तेवढी बाजू आपण बंद करायची."

"आपण म्हणजे कोण?"

मुलगा म्हणाला, "परत तेच नको काढू."

"मी काही काढत नाहीये. मी आखणार नाही, एवढंच सांगतीये. वायरचा घ्या नाहीतर बिनवायरचा घ्या, मला विचारू नका."

"तिच्या हातात द्यायचंच न्हाई," बायको म्हणाली. "मागल्या टायमाला बघितलं की." ती रागानं बोलली नाही. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणावं तसं बोलली. पाच वर्षांत ते घरातलं साधं सत्य होऊन बसलं होतं.

सुनेचे हात भाजीवर थांबले, मग पुन्हा निवडायला लागले. तिनंही ते मान्य केलं होतं. मला वाटलं, आत्ता बोललो नाही तर मी मरेन आणि ही बाई उरलेलं आयुष्य माझी रेघ स्वतःची समजत जगेल.

"मागच्या वेळी हद्द मी सरकवली होती," मी म्हणालो.

टीव्हीवरचा माणूस बोलतच होता. नातीनं तो बंद केला.

"काय सरकवलं?" मुलगा म्हणाला.

मी सांगितलं. क्रिकेटपासून सुरुवात केली. पहिल्या दुपारी उंबऱ्यापर्यंत, तिसऱ्या दुपारी अर्धा ओटा, पाचव्या दुपारी कडेबाहेर. आवाज माझाच आहे असं वाटत नव्हतं.

"तुमी कवा खेळत हुता?" बायकोनं विचारलं.

"दुपारी. तू झोपल्यावर."

"क्रिकेट?"

"हो."

"ह्या वयात?" ती म्हणाली, आणि मग तिला बाकीचं कळलं असावं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

मुलगा म्हणाला, "आणि तो कोरा कसा झाला?"

"तेही मीच केलं. तुम्ही दवाखान्यात होता."

नात आईकडे बघत होती. "म्हणजे तू नव्हतंस वाढवलं?"

"काय वाढवलं?"

"जागा. तीन-चार दिवस रोज थोडी थोडी वाढत होती. मला वाटलं, परीक्षेचे पेपर चांगले गेले म्हणून तू देतीयेस. आणि पडल्यावर मी सांगितलं नाही, कारण मग पप्पा तुला अजून बोलले असते."

हे मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षं ती पोर आईला वाचवायला गप्प होती, आणि मनात धरून होती की आईनंच आपल्याला कडेवर नेलं. मी एक हद्द सरकवली असं समजत होतो. माझ्या त्या रेघेनं या दोघीही एकमेकींपासून सरकल्या होत्या.

सून रडली नाही. तिनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं. "माझे वडील आले तेव्हा तुम्ही ओट्यावरच होता ना?"

"हो."

"त्यांनी हात जोडले."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

तिला ते माहीत होतं. तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. "होतं असं, म्हणालो. पोरांच्या हातून चुका होतात."

मुलगा उठून बाहेर गेला आणि ओट्यावर पाठ करून उभा राहिला. सुनेनं नातीकडे हात केला, "मोबाईल दे इकडं. कुठला घ्यायचा ते मी ठरवीन." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तात्या, तुम्ही शेवगावला जा. फोनवर नको."

चौथ्या दिवशी मी एसटीनं शेवगावला गेलो. सोबत कुणाला घेतलं नाही. वाटेत दोनदा उतरून परत फिरावं असं वाटलं. मुलगा त्या चार दिवसांत माझ्याशी एक अक्षर बोलला नव्हता, आणि तो पुढे बोलेल की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

व्याही गल्लीत घरासमोर खाटेवर बसले होते. आता ते खूप थकलेत, कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नाही. शेजारच्या ओट्यावर दोन बायका तूर निवडत होत्या. मला बघून ते उठायला लागले. "या या, पाव्हणं. पोरगी बरी हाय ना?"

मी उभ्याउभ्याच बोललो, हळू आवाजात. ते कानामागे हात धरून म्हणाले, "आँ?"

मी पुन्हा बोललो. पुन्हा "आँ?" मला ते गुपचूप सांगून, पाणी पिऊन निघायचं होतं. तिसऱ्यांदा मला मोठ्यानं बोलावं लागलं. तूर निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. समोरच्या घरातून एक माणूस बाहेर आला. मी तसाच बोलत राहिलो, सुनेनं नाही, मी सरकवली, मी पुसली, आणि तुम्ही हात जोडले तेव्हा मी गप्प बसलो.

व्याही खाटेवर बसले. बराच वेळ ते माझ्या पायांकडे बघत होते. मी हात जोडले तर त्यांनी ते झटक्यानं खाली केले.

"ते ऱ्हाऊंद्या," ते म्हणाले. "म्हंजी पोरीनं बरोबर आखलं हुतं?"

"बरोबर आखलं होतं. उंबऱ्याच्या आत दोन हात."

"तुमी मोजलं हुतं?"

"मी स्वतः मोजलं होतं."

त्यांनी मान हलवली. पोतं काट्यावर चढल्यावर माप बघून हलवावी तशी. मग शेजारच्या ओट्याकडे हात केला.

"मंग तेवढंच परत म्हना. तिकडं तोंड करून. पोरीचं वाईट नाव तिथवर गेल्तं."

मी वळलो. कडेचं मला दिसत नव्हतं, समोर दोन बायका आणि तो माणूस तेवढे दिसत होते. मी मोठ्यानं म्हणालो, पोरीनं बरोबर आखलं होतं.

"अजून," मागून व्याही म्हणाले.